रविवारची जीप

मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला होता. सासूबाईंनी स्वयंपाकाचं विचारलं, त्यांच्या भावाने नोकरीचं आणि पगाराचं विचारून घेतलं. मुलाने काहीच विचारलं नाही, तो पोह्यांतले शेंगदाणे एका बाजूला काढत बसला होता. मग सासरे खुर्चीत ताठ झाले आणि म्हणाले, "गाडीत उलटी होते का तुला?"

माझ्या आईने चहाचा ट्रे खाली ठेवला. मी म्हटलं, "नाही."

"घाटात?"

"घाटातपण नाही."

"झकास," ते म्हणाले आणि सासूबाईंकडे बघून त्यांनी मान डोलावली. माझं लग्न तिथेच ठरलं असं मी अजूनही धरून चालते.

ही ऐंशी सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. माझं माहेर घाटकोपरचं, मी तिथल्याच एका शाळेत शिकवत होते. सासर मुलुंडला, स्टेशनच्या पूर्वेला. तिकडे तेव्हा तीनमजली बिल्डिंगा नुकत्याच उभ्या राहत होत्या आणि गच्चीवर गेलं की हायवेपलीकडे मिठागरांचे पांढरे चौकोन दिसायचे. आमच्या बिल्डिंगच्या आवारात, पाण्याच्या टाकीला लागून, एक पिस्त्याच्या रंगाची जीप उभी असायची. मिलिटरीच्या लिलावात निघालेली जुनी जीप. तिचा मूळचा रंग सासऱ्यांना काढायचा नव्हता, पण सिव्हिल माणसाला तो ठेवता येत नाही म्हणतात. नवा रंग सासूबाईंनी निवडला. सासरे त्याला 'मिठाईचा रंग' म्हणायचे आणि नाक मुरडायचे.

त्यांना मी बाबा म्हणायचे. ते मालवणकडचे. अठराव्या वर्षी फौजेत गेले, ड्रायव्हर झाले आणि चोवीस वर्षं त्यांनी ट्रक चालवले. लडाखला, आसामला, राजस्थानच्या वाळूत. शेवटची काही वर्षं ते नव्या पोरांना गाडी शिकवायचे. या सगळ्या काळात सासूबाई विक्रोळीच्या चाळीत एका खोलीत दोन मुलं, माझा नवरा आणि आता सासरी गेलेली नणंद, वाढवत होत्या. नवरा वर्षातून दोन महिने यायचा. मुलांच्या बुटांचं माप त्याला कळावं म्हणून त्या मुलाला इनलँड लेटरवर उभा करायच्या आणि पेन्सिलीने पावलाभोवती रेघ मारायच्या. मजकूर उरलेल्या जागेत. माझ्या नवऱ्याचा पाय पुढे इतका वाढला की टाच एका पत्रात आणि बोटं दुसऱ्या पत्रात जायला लागली. एकदा टाचेचं पत्र पोचलं आणि बोटांचं हरवलं, तरी बाबांनी अंदाजाने आणलेले बूट बरोबर बसले, हे सासूबाई अजून अभिमानाने सांगतात.

पेन्शनवर आल्यावर बाबांनी विक्रोळीच्या एका कारखान्याची स्टाफची बस चालवायला घेतली. फौजेतून आल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी सासूबाईंना सांगितलं होतं, "अगो, आता दर रविवारी तुला बाहेर नेणार. चोवीस वर्षांत मी काय काय बघितलं, तू बघितलंस विक्रोळीचं स्टेशन." जीप आली ती त्यासाठी.

शनिवारी संध्याकाळी जेवणाआधी 'मूव्हमेंट ऑर्डर' निघायची. म्हणजे बाबा कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि सांगायचे, "उद्या टिटवाळा. सात वाजता गाडी सुटेल. पाण्याचा कॅन माझ्याकडे, सतरंजी चिरंजीवांकडे, डबा आईसाहेबांकडे. सूनबाई, तुझ्याकडे कांदा आणि सुरी." आम्ही सगळे कुरकुरायचो. माझ्या नवऱ्याला तर आठवड्यातला तो एकच दिवस झोपायला मिळायचा. पण सातला जीपचा हॉर्न वाजला की सासूबाई केसांत अबोलीचा गजरा माळून जिना उतरत असायच्या, आणि त्यांचा तो चेहरा बघितल्यावर झोपेचं नाव काढायची कोणाची टाप नव्हती. वज्रेश्वरी, तानसा, येऊर. एकदा नुसतंच दहिसरच्या चेकनाक्यापर्यंत जाऊन, टपरीवर चहा पिऊन परत आलो. का, तर सासूबाईंना मुंबई दुसऱ्या टोकाला कुठे संपते ते बघायचं होतं.

बाबांची गाडी चालवायची एक रीत होती. खड्डा आला की ते जीप जवळजवळ थांबवायचे, मग एकेक चाक त्यात असं उतरवायचे की मागच्या सीटवर सासूबाईंच्या मांडीवरचं सोलकढीचं पातेलं डुचमळायचंसुद्धा नाही. मागून टॅक्सीवाले शिव्या घालायचे. बाबा आरशातून त्यांना सलाम ठोकायचे.

लग्नाला सहा महिने झाले असतील. एके दिवशी बाबा दुपारीच घरी आले आणि म्हणाले, "बस सोडली. कंटाळा आला."

या माणसाला स्टिअरिंगमागे बसायचा कंटाळा येणं म्हणजे कोळ्याला समुद्राचा कंटाळा येण्यासारखं. कोणी काही विचारायच्या आत त्यांनी दुसरा बॉम्ब टाकला. "सूनबाई, उद्यापासून तू जीप शिकायचीस."

"मी?"

"मग काय हा?" त्यांनी मुलाकडे बोट केलं. माझ्या नवऱ्याला त्यांनी जीप आली तेव्हा शिकवून बघितलं होतं. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला जो पोचा होता तो त्याचाच. "हा रिव्हर्स टाकूनपण पुढेच बघतो. बँकेत आहे, बँकेतच बरा आहे."

सासूबाई भडकल्या. "तिला शाळा आहे, घरचं काम आहे, आणि साडी नेसून ती जीप चालवणार? लोक काय म्हणतील?"

"लोकांना मागे बसव आणि फिरवून आण," बाबा म्हणाले.

पहाटे साडेपाचला शिकवणी सुरू झाली. पहिले पंधरा दिवस जीप जागची हलली नाही. नुसता क्लच दाबायचा, सोडायचा, गिअर बदलायचा, डोळे मिटून. तो क्लच इतका जड होता की माझी डावी पोटरी शाळेत फळ्यासमोर उभी असताना थरथरायची. शिकवताना बाबांचं मराठी गळून पडायचं. "क्लच आराम से! दाहिने देख! शाबास जवान!" मी जवान. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी चहाचे कप घेऊन गॅलरीत उभे राहायचे. एका आजोबांनी तर खुर्चीच टाकली होती. पहिल्यांदा जीप पुढे गेली ती ससा उड्या मारतो तशी, आणि टाकीपासून हातभर अंतरावर बंद पडली. वरून आवाज आला, "वाट लागली होती टाकीची!" बाबांनी वर बघून सांगितलं, "टाकी वाचली ना? मग जवान पास."

त्या दिवसांत रविवारच्या फेऱ्या बंद होत्या. एका रविवारी क्लचप्लेट गेली म्हणाले, एका रविवारी पंप. मला ते विचित्र वाटायचं, कारण सोमवारी पहाटे क्लचप्लेट ठणठणीत असायची.

महिन्याभराने आम्ही आवाराबाहेर पडलो. हायवेपलीकडे मिठागरांकडे जाणारा एक कच्चा रस्ता होता, सकाळी तिथे चिटपाखरू नसायचं. मी चालवत होते, बाबा डावीकडे बसले होते. डावीकडच्या झुडपांतून एक म्हैस बाहेर पडून थेट जीपच्या अंगावर आली. मी करकचून ब्रेक मारला. म्हैस बाबांच्या कोपरापासून दोन हातांवर उभी होती, जीपमध्ये तोंड घालेल इतकी जवळ.

"काय झालं? बंद पडली?" बाबा समोर बघत म्हणाले.

"बाबा, म्हैस."

"कुठे?"

म्हैस फुसकारली तेव्हा ते दचकून वळले. म्हैस कंटाळून निघून गेली. मी इंजिन बंद केलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काचबिंदू आहे," ते म्हणाले. "डावा जवळजवळ गेला. उजव्यालाही कडेचं दिसत नाही. समोरचं दिसतं, बोगद्यातून बघितल्यासारखं. डॉक्टर म्हणाला, गेलं ते येत नाही, उरलंय ते सांभाळा. त्याच दिवशी बस सोडली. पन्नास माणसं मागे बसतात, सूनबाई. अंदाजाने नाही चालवत."

"घरी का नाही सांगितलं?"

"तुझ्या सासूला सांगितलं तर ती म्हणेल, राहू देत रविवार, मला काय कुठे जायची हौस नाही. आणि ती खोटं बोलत असेल." त्यांनी खिशातला रुमाल काढला, घडी मोडली, परत घातली. "तू शिकलीस की सांगणार होतो. आता तू सांगू नकोस. मीच सांगतो."

त्या दिवशी परत येताना मी एक खड्डा जोरात घेतला. बाबांनी डॅशबोर्डवर हात ठेवला. "हळू. खड्ड्यात हळू." मग न विचारताच सांगायला लागले. एकाहत्तरच्या लढाईचं ते कधी बोलायचे नाहीत, शेजारची मुलं मागे लागली तरी 'आम्ही फक्त गाड्या चालवल्या रे' म्हणून उडवून लावायचे. "जाताना दारूगोळा न्यायचो, तेव्हा भीती नाही वाटायची. येताना जखमी पोरं असायची मागे. रस्ता सगळा फुटलेला. चाक खड्ड्यात गेलं की मागून आवाज यायचा. एक आवाज नाही, सगळ्यांचा. तेव्हापासून सवय लागली." एवढंच. पुढच्या खड्ड्याला मी दुसऱ्या गिअरवर आले, पहिल्यावर आले आणि एकेक चाक उतरवलं. "शाबास," ते म्हणाले. जवान म्हणाले नाहीत.

सासूबाईंना सांगायला त्यांना आणखी आठ दिवस लागले. रात्रीची जेवणं चालली होती. बाबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "अगो, माझ्या डोळ्यांचं जरा..."

"काचबिंदू," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात भात वाढला.

बाबांचा घास हातात राहिला. "कोणी सांगितलं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जोरजोरात मान हलवली.

"कोण कशाला सांगायला पाहिजे? ही घरात आली त्याच्या आधीच्या गणपतीपासून तुमच्या ताटातली डावी बाजू तशीच राहते. चटणी नाही, कोशिंबीर नाही. आधी मला वाटलं माझ्या हाताची चव गेली."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लग्न होऊन आल्यापासून मी बघत होते की या घरात बाबांचं ताट उलटं वाढलं जातं. सगळ्यांची चटणी, लिंबू, कोशिंबीर डावीकडे, बाबांचं सगळं उजवीकडे भाजीशेजारी दाटीवाटीने. मी समजत होते कोकणातली काहीतरी रीत असेल, आणि मीही निमूट तसंच वाढत होते.

"आणि ती थेंबांची बाटली तुम्ही जीपच्या टूलबॉक्समध्ये लपवता, तीपण माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "उन्हात तापते ती तिथे. मी रोज दुपारी काढून घरात गार जागी ठेवते आणि संध्याकाळी परत नेऊन ठेवते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत नव्हतात म्हणून."

माझा नवरा इतका वेळ आमटीत बघत होता. त्याने नाक ओढलं आणि म्हणाला, "मला कोणीच काही सांगत नाही या घरात." मग आम्ही सगळेच हसलो, बाबा सर्वांत जास्त. उद्यापासून थेंब सासूबाई घालणार, घड्याळ लावून, असं तिथल्या तिथे ठरलं. त्यांनी ते शेवटपर्यंत पाळलं आणि उजवा डोळा पुढे कितीतरी वर्षं टिकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सासूबाईही खाली आल्या आणि मागच्या सीटवर बसल्या. लोक काय म्हणतील हा विषय निघाला नाही.

लायसन्सच्या ट्रायलला मी फिकट निळी साडी नेसून, पदर खोचून गेले. इन्स्पेक्टरने जीपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बाबांना विचारलं, "चालवणार कोण?"

"ही," बाबा म्हणाले.

"तुम्ही खाली उतरा मग."

बाबा उतरले आणि कुंपणाशी सावधानमध्ये उभे राहिले. इन्स्पेक्टरने मला एका चढणीवर नेलं, मध्येच थांबवलं. म्हणाला, "आता पुढे घ्या. मागे सरकली तर पुढच्या महिन्यात भेटू." मला हसूच आलं. हायवेच्या चढणीवर मागच्या चाकाला टेकून काडेपेटी ठेवून बाबांनी माझ्याकडून हेच दोन महिने करून घेतलं होतं. आठ काडेपेट्यांचा चुरा झाला होता, सासूबाई वैतागून लायटर घेऊन आल्या होत्या. जीप केसभरही मागे न जाता वर चढली. इन्स्पेक्टर म्हणाला, "कुठल्या ड्रायव्हिंग स्कूलला होता?" मी कुंपणाकडे बोट दाखवलं.

रविवार पुन्हा सुरू झाले. मूव्हमेंट ऑर्डर बाबांचीच, स्टिअरिंग माझं. माझा नवरा पहिल्या खेपेला मागे बसून टिटवाळ्यापर्यंत डोळे मिटून होता, देवळाशी पोचलो तेव्हा त्याचे नमस्काराचे हात आधीच जोडलेले होते.

मग मे महिन्यात सासूबाईंनी स्वतःहून तोंड उघडलं. जीप आल्यापासून पहिल्यांदाच कुठे जायचं ते त्या म्हणाल्या. "मला माहेरी जायचंय. एसटीने नाही. आपल्या गाडीने." माहेर म्हणजे मालवणच्या अलीकडचं एक गाव. सव्वापाचशे किलोमीटर, मध्ये घाट. बाबा म्हणाले, "दोन दिवसांत जायचं. चिपळूणला मुक्काम. घाट मला पाठ आहे, तू फक्त हात चालव."

आणि खरंच त्यांना तो पाठ होता. कशेडी घाटात ते समोर बघत सांगत होते, "आता उजवीकडे मोठं वळण, दुसऱ्यावर ये. आता लगेच डावीकडे. इथे पाणी वाहतं, घसरण असते." मध्येच एक ट्रक बंद पडून दोन्ही बाजूंना रांग लागली होती. बाबा खाली उतरले आणि हात करून गाड्या सोडायला लागले. कडेचं दिसत नव्हतं, तर अख्खी मान वळवून बघत होते, पण आवाज असा की कर्नाटकातला ट्रकवालाही मुकाट्याने मागे झाला. पंधरा मिनिटांत रस्ता मोकळा. जीपमध्ये चढताना त्यांचे कान आनंदाने लाल झाले होते.

गावात शिरलो तेव्हा सासूबाईंचे भाऊ अंगणात वाळत घातलेली आमसुलं गोळा करत होते. त्यांनी जीप बघितली, मग स्टिअरिंगमागे मला बघितलं. "गो बाय, ह्यां काय? सून गाडी चलयता?"

सासूबाई सावकाश उतरल्या, गजरा नीट केला. "मग? मुंबयसून चलयत इली. एक थेंब सांडलो नाय," असं म्हणून त्यांनी पातेलं भावाच्या हातात दिलं. खरं तर राजापूरपाशी अर्धी सोलकढी माझ्या नवऱ्याच्या पँटवर गेली होती. कोणी बोललं नाही. तोही नाही.

तिथे आम्ही दहा दिवस राहिलो. बाबा रोज सकाळी सासूबाईंना घेऊन त्यांच्या शाळेपर्यंत, विहिरीपर्यंत, काजूच्या बागेपर्यंत चालत जायचे आणि त्या त्यांना एकेक गोष्ट दाखवायच्या. लग्नाला तीसच्या वर वर्षं झाली होती, पण बायकोचं गाव त्यांनी असं कधी बघितलंच नव्हतं. सुट्टी असायची ती मुलांच्या बुटांत, छपराच्या दुरुस्तीत, नातेवाइकांच्या लग्नांत संपायची.

परतीला पुन्हा चिपळूणला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी घाट चढलो. बाबा सगळी वळणं सांगत होते. पोलादपूर गेलं, महाड गेलं, सपाट रस्ता लागला. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की डावीकडून आवाज येत नाही. बघितलं तर बाबांची मान छातीवर आली होती आणि ते चक्क घोरत होते.

"आई," मी हळूच म्हटलं, "बाबा झोपले."

सासूबाई पुढे वाकल्या. "गाडीत?" त्या कुजबुजल्या. "हा माणूस एसटीत पण ड्रायव्हरच्या पाठीशी बसून ब्रेक मारतो." मग त्यांनी आपल्या पदराचं टोक त्यांच्या मानेमागे लोखंडी दांड्यावर घडी करून ठेवलं आणि ते सरकू नये म्हणून माणगाव, कोलाड, नागोठणे तशाच वाकून बसून राहिल्या. मी खड्डे एकेका चाकाने घेत होते.

पेणच्या बाजारात कोणीतरी जोरात हॉर्न मारला तेव्हा बाबा जागे झाले. इकडेतिकडे मान वळवून बघितलं.

"कुठे आलो?"

"पेण."

"मध्ये काय झालं?"

"काही नाही, बाबा."

"बरं," ते म्हणाले. "चहा घेऊ. आणि पनवेलला पेट्रोल बघ."